काचेच्या गावाचा दुसरा भाग

"पहिला भाग सोडा हो, सर," म्हणत नाना उजव्या हाताची दोन बोटं माझ्या नाकासमोर धरायचे. "दुसऱ्या भागात काय झालं ते बोला."

हे वाक्य कशावरही निघायचं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, दोन बोटं. दिल्लीत नवं सरकार आलं, दोन बोटं. नगरपालिकेनं आमच्या गल्लीत नवे नळ बसवले आणि नगरसेवकानं पेढे वाटले, तेव्हा नाना पेढा तोंडात टाकून म्हणाले, "नळ पहिला भाग झाला. पाणी दुसऱ्या भागात." मी सायन्स शिकवणारा माणूस. तेच ते रोज ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि नानांनी ते कितीतरी वर्षं फिरवलं.

तुमच्याही शाळेत नाहीतर कचेरीत असा एखादा असेलच. भेटला की वैताग येतो आणि रजेवर गेला की चहा गोड लागत नाही. आमच्या या माणसाचं नाव मी सांगणार नाही. धुळ्यात त्यांना ओळखणारे अजून आहेत, आणि ज्यांच्याशी त्यांचं बिनसलं तेही आहेत. शाळेत सगळे त्यांना नाना म्हणायचे.

नाना नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला. बाकीचे शिक्षक परीक्षेच्या तोंडावर आठवडाभरात उरकून टाकत. नाना मात्र जूनपासून सुरू व्हायचे. एकदा त्यांनी सातवीच्या पोरांना घरचा अभ्यास दिला: आपल्या घरात भाजी कोणती करायची हे कोण ठरवतं, आणि न आवडणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं का? दुसऱ्या दिवशी एक पालक तणतणत शाळेत आले. "माझ्या घरात काल वांग्यावरून भांडण झालं, मास्तर! तुम्ही शिकवता तरी काय?" नानांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग शेवटी काय ठरलं?"

तर या दोन बोटांचं मूळ एका सिनेमात होतं.

तेव्हा धुळ्यात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागायचे. मोठ्या शहरांत गाजून, जुने होऊन, झिजून मग आमच्याकडे पोचायचे. पडद्यावर सिनेमा कमी आणि ओरखडे जास्त. असाच एक परग्रहावरचा सिनेमा आला आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'काचेचं गाव'. पोस्टरवर खरं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना. एका ओसाड ग्रहावर माणसांनी काचेच्या घुमटाखाली गाव वसवलेलं असतं. बाहेर हवाच नाही. घुमटात वर राहणारे बागेत फिरतात, आणि जमिनीखाली राहणारे रात्रंदिवस हवेची यंत्रं चालवतात. शेवटी खालचे यंत्रं बंद करतात, वरच्यांचे श्वास कोंडतात आणि वरचे हात वर करतात. झाला पहिला भाग.

मला राग आला तो त्यातल्या यंत्रांचा. एवढं मोठं गाव आणि एवढेसे पंखे! मी बाहेर येऊन तसं म्हटलं, तर नाना माझ्याकडे बघतच राहिले. "सायन्स राहू द्या हो, सर. हवा कुणाच्या हातात आहे ते बघा."

आम्हा दोघांनाही इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं येत होतं. पण नानांनी त्या सिनेमातून संविधान काढलं, संप काढला, पंचायत राज काढलं, वर्गात शिकवलं. आणि मग एक-दोन वर्षांनी दुसरा भाग लागल्याची बातमी आली. नाना शनिवारीच दोन तिकिटं काढून माझ्या दारात उभे.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायच्या. पहिल्या टॉकीजमध्ये सिनेमा थोडा आधी सुरू करायचा, एक रीळ दाखवून झालं की त्याचा डबा सायकलवर घालून दुसऱ्या टॉकीजला पाठवायचा. आम्ही दुसऱ्या टॉकीजला बसलो होतो.

दुसऱ्या भागात खालच्या लोकांचा पुढारी निवडून येतो आणि गावाचा कारभार हातात घेतो. इथवर ठीक होतं. मग एकदम अंधार झाला. शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी ऑपरेटरच्या आईची आठवण काढली. सिनेमा पुन्हा लागला तर यंत्राचा स्फोट झालेला, पुढाऱ्याच्या हाताला भलीमोठी जखम, त्याला पाळण्यासारख्या लिफ्टमधून वर नेतात. वर बाग, कारंजं, मऊ गादी. तो बरा होतो आणि वरच राहतो. खाली जायचं दार एक जण त्याला विचारून बंद करतो. काचेतून एक म्हातारी वर बघत असते. आणि पडद्यावर इंग्रजीत 'समाप्त' आलं.

लोक उठले, चपला शोधायला लागले. तेवढ्यात सिनेमा पुन्हा चालू झाला! पुढारी लिफ्टमधून खाली आला, खालच्या लोकांत जमिनीवर बसला, त्यांच्यासोबत एका भांड्यातून जेवला, म्हातारीचा हात हातात घेतला. यंत्रांची घरघर सुरू झाली आणि पडदा पांढरा झाला. पब्लिकला कशाचं काही नव्हतं. लोक जसे उठले होते तसे बसले आणि जसे बसले तसे पुन्हा उठले.

नाना खुर्चीतच होते. डोळे पुसत होते. "पाहिलं, सर? समाप्त झाल्यावर तो परत आला! काय हिंमत आहे दिग्दर्शकाची. सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तो खाली आला."

"नाना, त्याच्या हाताची जखम कुठे गेली?"

"मध्ये काळ गेला असेल."

"खूण तरी राहील की नाही?"

"पुन्हा सायन्स!"

मला राहवेना. बाहेर भज्यांच्या गाडीवर ऑपरेटर चहा पीत उभा होता, त्याला जाऊन विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. "डबा उशिरे उना ते मी काय करू? सायकल पंक्चर व्हयनी. पब्लिक शिट्ट्या मारी ऱ्हायनं व्हतं. शेवटला डबा दुसरी सायकलवर आधी पोचेल व्हता, तो लाई दिधा. मधला मागून उना, तो मागून लावा." म्हणजे शेवटचं रीळ आधी लागलं आणि त्याच्या आधीचं शेवटी. खरी गोष्ट अशी होती की पुढारी आधी खाली येऊन लोकांत जेवतो, आणि नंतर वर जातो तो कायमचा.

हे मी नानांना सोमवारी स्टाफरूममध्ये सगळं समजावून सांगितलं. खडूनं टेबलावर डबे काढून दाखवले. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऑपरेटरला दिग्दर्शकाचं काय कळतं?"

झालं! मी कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून नानांच्या नागरिकशास्त्राला शेवट सापडला. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी आठवीतल्या मुलाला उभं करून विचारलं, "लोकशाही म्हणजे काय?" मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "लोकशाहीत वर गेलेला माणूस परत खाली येतो, सर." साहेबांनी पुस्तक उलटसुलट चाळलं. हे कुठल्या धड्यात आहे, असं त्यांनी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "धड्यात यायचं आहे अजून."

हसू येतं ना? मलाही यायचं. पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्या शाळेत 'वर' म्हणजे संस्थेचं ऑफिस. शाळेच्याच इमारतीत, जिना चढून गेलं की सगळ्यात वरच्या मजल्यावर. 'वर बोलावलंय' म्हटलं की चांगल्या चांगल्या शिक्षकांचे हात थंड पडायचे. आणि संस्थेची एक रीत होती. नव्या शिक्षकाला एप्रिलअखेर कामावरून मोकळं करायचं, जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर द्यायची. असं दरवर्षी तोडत राहिलं की माणूस कधी पर्मनंट होत नाही आणि तोंड वर करून बोलतही नाही.

आमच्या इंदू मॅडम अशाच तुटक नोकरीवर होत्या. हिंदी शिकवायच्या. माहेर फैजपूरकडचं, केळीवाल्यांचं. नवरा सूतगिरणीत होता, ती बंद पडली, तेव्हापासून घर त्यांच्याच पगारावर. नानांची दोन बोटं पहिल्यांदा पाहून त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं याला पिलबाग म्हणतात, नाना. लावलेल्या केळीचा घड काढला की तिच्याच बुडाच्या पिलावर दुसरं पीक घ्यायचं. तिथं शेतकऱ्याची खरी परीक्षा." नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी मॅडमना धाकटी बहीणच मानलं. दर एप्रिलमध्ये मॅडम डोळे पुसत टेबलाचा खण रिकामा करायच्या, आणि नाना येरझाऱ्या घालायचे.

मग संस्थेची निवडणूक लागली. आमच्याच शाळेत मराठी शिकवणारे भाऊ नोकरी सोडून उभे राहिले. नाना आणि भाऊ ट्रेनिंग कॉलेजपासूनचे दोस्त. एका खोलीत राहिलेले, एका ताटात कळण्याची भाकरी खाल्लेली. नानांनी भाऊंसाठी उन्हातान्हात लूना दामटली. शिंदखेड्यापासून साक्रीपर्यंत एकेका सभासदाच्या ओट्यावर बसून मत मागितलं. भाऊ निवडून आले, संस्थेचे चिटणीस झाले.

खालच्या हॉलमध्ये सत्कार होता. नाना माईकवर गेले. त्यांचा आवाज फाटला होता. "आता एप्रिल संपला! आपल्या इंदू मॅडम आणि त्यांच्यासारखे सगळे पर्मनंट होणार!" टाळ्यांनी हॉल दणाणला. भाऊ हारांत बुडालेले, हात जोडून हसत उभे होते. मॅडम शेवटच्या रांगेत पदरानं तोंड झाकून रडत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचे भाऊसाहेब झाले. नाना एकटेच शेवटपर्यंत नुसतं 'भाऊ' म्हणत राहिले.

एप्रिल आला. मॅडमच्या हातात तोच कागद, फक्त खालची सही भाऊसाहेबांची.

मी पेटलो. "नाना, आता यांना न्यायाधिकरणात जाऊ द्या. शाळा न्यायाधिकरण कशासाठी असतं? नाशिकला वकील आहे ओळखीचा."

नाना म्हणाले, "घाई नको. नवा आहे भाऊ. एकदम वर गेल्यावर हवा वेगळी लागते. आणि केस केली की दुसरी कुठलीच संस्था मॅडमना उभं करणार नाही, हेही बघा." यातलं शेवटचं खोटं नव्हतं. जूनमध्ये मॅडमना पुन्हा ऑर्डर मिळाली, तेव्हा नाना माझ्याकडे असे बघत होते की जणू लिफ्ट खाली यायला निघाली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा कागद. आणि जूनमध्ये ऑर्डर आलीच नाही. हिंदीच्या तासाला भाऊसाहेबांची भाचेसून उभी होती.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी आवाज चढवला, काही लपवत नाही. "नाना, अपिलाला मुदत असते! ती गेली की हात चोळत बसाल. आजच्या आज बाईंना नाशिकला पाठवा."

"तो येईल खाली."

"कशावरून?"

"मी ओळखतो त्याला."

"तुम्ही त्याला ओळखत नाही, नाना! तुम्ही तो सिनेमा ओळखता. आणि तो सिनेमा उलटा लागला होता!"

मॅडम त्यांचं राहिलेलं सामान न्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाना म्हणतात तर थांबते मी, सर. इथं माझ्या बाजूनं बोललं कोण? तेच ना?"

मी वर्गावर निघून गेलो आणि त्या तासाला पोरांना विनाकारण ओरडलो.

त्यानंतर नाना रोज मधल्या सुटीत जिना चढून वर जायचे. भाऊसाहेबांच्या दाराबाहेर बाक होता, त्यावर बसायचे. शिपाई आमचाच, जुना. तो खाली येऊन मला हळूच सांगायचा, "साहेब मीटिंगमा शेतस म्हने. रोजच शेतस. नानाले कसं सांगू?" घंटा झाली की नाना उतरून वर्गावर जायचे. आपल्या मित्राला भेटायला माणूस बाकावर बसतो आणि त्याला त्यात अपमान दिसत नाही, हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. भाऊसाहेबांवर तर होताच, पण खरं सांगू, राग नानांवरही होता. मुदत निघून गेली तरी नाना बाकावरच.

दिवाळीच्या सुटीत तो सिनेमा पुन्हा आमच्या आयुष्यात आला. आमच्या गल्लीत केबल नवीनच आली होती. कोपऱ्यावरचा एक तरुण आपल्या खोलीत व्हिडिओवर कॅसेट लावायचा आणि तारेनं ती सगळ्यांच्या घरात दिसायची. एका दुपारी टीव्हीवर अचानक घुमट दिसला. मी धावत जाऊन नानांना घेऊन आलो. दुसराच भाग होता.

नाना माझ्या लाकडी खुर्चीवर पुढं सरकून बसले. पुढारी निवडून आला. मग लिफ्टमधून खाली आला. लोकांत बसला, जेवला, म्हातारीचा हात हातात घेतला. यंत्रांची घरघर. स्फोट. हाताला जखम. वर नेलं. बाग, कारंजं, गादी. दार बंद. म्हातारी काचेतून बघतेय. समाप्त. आणि पुढं पडद्यावर नुसत्या मुंग्या.

नाना थांबले. मुंग्यांकडे बघत बराच वेळ थांबले. मग ताडकन उठले. "हाई बठ्ठं उलटं शे! उलटं लावलंय यानं!" शाळेत शुद्ध बोलणारा माणूस, पण संतापला की घरची बोली बाहेर यायची. चपला सरकवून ते तडक केबलवाल्याकडे निघाले. मी मागोमाग.

"सिनेमा उलटा लावला तुम्ही," नाना त्या तरुणाला म्हणाले. "आधी शेवट आणि मग मधलं दाखवायचं असतं. डबे बदलले तुमचे."

तो बिचारा गोंधळला. "काका, डबे नसतात याच्यात. एकच कॅसेट असते. हे बघा." त्यानं कॅसेट काढून नानांच्या हातात दिली. "एकच फीत शे, सरळ. इकडून सुरू, तिकडं खतम. मागेपुढे होतच नाही."

नानांनी कॅसेट हातात धरली. झाकण उघडून आतली काळी फीत बघितली. बोट लावायला गेले तर तो म्हणाला, "काका, हात नका लावू." नानांनी ती त्याला परत दिली.

बाहेर रस्त्यावर पोरं फटाके उडवत होती. नाना माझ्या शेजारून चालत होते, पण चालणं त्यांचं वाटत नव्हतं.

"म्हणजे आला नाही तो," नाना म्हणाले.

"कोण?"

"खाली."

इतकी वर्षं मी हेच सांगत होतो. पण त्यांचा चेहरा बघून 'बघा, मी म्हटलं होतं' असं म्हणायचं मला धाडस झालं नाही.

घरी न जाता नाना सरळ इंदू मॅडमच्या घरी गेले, मीही सोबत. मॅडम स्वयंपाकघरात कढईत केळीचे वेफर्स तळत होत्या. दुकानात द्यायला करायच्या. नाना दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, माझं चुकलं. मी तुम्हाला थांबवलं. भाऊ येणार नाही. तो सिनेमा... सरांनी सांगितलेलं खरं होतं."

मॅडमनी झारा कढईत तसाच ठेवला. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. "नाना," त्या म्हणाल्या, "सिनेमा तुम्ही पाहिला, आणि नोकरी माझी गेली."

नानांनी मान खाली घातली. वेफर्स करपायला लागले तेव्हा मॅडमनी वळून ते काढले आणि त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "वकिलाचं नाव सांगा, सर."

मुदत गेली होती, तरी वकिलानं अपील टाकलं. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला. त्याचं म्हणणं सोपं होतं. चिटणिसांनी पर्मनंट करायचा शब्द दिला होता, त्या शब्दावर बाई विसंबून थांबल्या, म्हणून उशीर झाला. आणि शब्दाचा साक्षीदार नाना. आम्ही तिघं एस.टी.नं नाशिकला गेलो. भाऊसाहेब गाडीनं आले होते. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला आठी. नानांकडे बघून त्यांनी मान हलवली. नानांनीही हलवली.

शपथ झाल्यावर वकिलानं विचारलं, "चिटणिसांनी तुमच्यासमोर या बाईंना कायम करण्याचा शब्द दिला होता ना?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं हो! एक अक्षर. वकिलानं आदल्या दिवशी चारदा घोकून घेतलं होतं.

नाना थांबले. भाऊसाहेबांकडे बघितलं. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "नाही, साहेब. शब्द मी दिला. माईकवर मीच बोललो. भाऊ नुसता हसत होता." वकिलानं हातातली पेन्सिल टेबलावर टाकली. नाना पुढं बोलतच राहिले. "पण त्यानं नाही असंही म्हटलं नाही. माझा शब्द त्यानं समोर उभं राहून ऐकला, बाई थांबल्यात हे त्याला ठाऊक होतं, तरी तो गप्प राहिला. हे लिहून घ्या. त्याला फायदा झाला माझ्या बोलण्याचा. हेही लिहून घ्या." त्यातलं काय लिहून घेतलं कुणास ठाऊक. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. उशीर माफ झाला नाही. अपील तिथंच संपलं.

परतीच्या एस.टी.त मी नानांना वाट्टेल ते बोललो. मॅडम पुढच्या सीटवर होत्या, मागं वळूनही बघत नव्हत्या. "खोटं बोलला असतात तर कोण मेलं असतं, नाना? तुमचं नागरिकशास्त्र त्या बाईच्या पोटापेक्षा मोठं आहे का?"

"शपथ घेतली होती, सर."

"घाला चुलीत ती शपथ!"

धुळ्याअलीकडचं आर्वी गेल्यावर ते म्हणाले, "मी आठवत बसलो होतो हो तिथं. भाऊ काय काय बोलला होता ते. एक वाक्य आठवेना. सगळं मीच बोलत होतो, भो. त्याच्या तोंडात मीच घालत होतो."

खरं बोलण्याचं बक्षीस त्यांना जूनमध्ये मिळालं. संस्थेची एक शाखा शिंदखेडा तालुक्यात होती, एका गावाबाहेर, पत्र्याची. तिथं बदली. पत्र्याखाली त्यांनी शेवटची वर्षं काढली. त्यांचं ते वाक्य मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. मी मुद्दाम नळांचा, सरकारचा विषय काढून बघायचो. नाना 'हं' म्हणायचे. मला इतका वैताग यायचा की वाटायचं, यांचा हात धरून आपणच ती दोन बोटं वर करावीत.

इंदू मॅडमनी घरी हिंदीच्या परीक्षांचे क्लास सुरू केले. नाना दर शनिवारी धुळ्याला आले की मॅडमच्या ओट्यावरच्या पोरांना व्याकरण शिकवून जायचे. मॅडम त्यांना पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या. बोलणं कामापुरतं. मी एकदा मॅडमना विचारलं, "माफ केलं का हो त्यांना?" त्या म्हणाल्या, "ते विचारायला येत नाहीत. पोरांना शिकवायला येतात."

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत नाना गेले. सकाळी दाढी करता करता. आरसा तसाच खिडकीत टेकवलेला होता, असं त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगत होत्या.

शाळेनं खालच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. नानांचा फोटो, हार, उदबत्ती. जुने विद्यार्थी आले होते, त्यातले काही स्वतःच टक्कल पडलेले. व्यासपीठावर मधली खुर्ची भाऊसाहेबांसाठी. ते वर ऑफिसात होते. हेडमास्तरांनी शिपायाला वर पाठवलं. तो येऊन म्हणाला, "येतच शेतस म्हने." आम्ही थांबलो. उदबत्ती संपली, दुसरी लावली. पुन्हा शिपाई वर गेला, पुन्हा तेच घेऊन आला. लोक घड्याळ बघायला लागले. वहिनी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. हेडमास्तर माईकवर आले. "साहेब दोन मिनिटांत खाली येत आहेत, आपण थोडी वाट पाहू..."

तेव्हा इंदू मॅडम उठल्या. मधल्या वाटेनं चालत व्यासपीठाशी गेल्या. हेडमास्तर बाजूला सरले. मॅडमनी माईक खाली ओढून आपल्या उंचीला आणला.

"ते येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "सुरू करू या."

त्यांनी नानांच्या फोटोकडे एकदा बघितलं.

"नानांमुळे माझी नोकरी गेली," त्या म्हणाल्या. वहिनींनी मान वर केली. मॅडमनी त्यांच्याकडे बघून पुढं सांगितलं, "आणि माझ्यासाठी कोर्टात उभं राहिलं ते पण नानाच. साक्ष द्यायला दुसरं कुणी आलं नाही. मला दोन्ही सांगायचं होतं, म्हणून आले."

मग त्या वहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या.